पिकअपवरचं हरीण आणि ऑग्डेनचं बंदुकीचं दुकान



अमेरिकेत राहणाऱ्यांनी, त्यातही मिडवेस्ट किंवा पश्चिमेच्या डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी, पिकअप ट्रकच्या मागच्या काचेवर एक स्टिकर नक्की पाहिलं असेल. हरणाच्या डोक्याची नुसती बाह्यरेषा. मी या देशात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मला ती ट्रॅक्टर कंपनीची खूण वाटायची. (जॉन डिअरचं हरीण वेगळं, ते उडी मारत असतं. माझी गल्लत तिथेच झाली.) शेवटी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने हसत हसत सांगितलं, अरे बाबा, ते ब्राउनिंग. बंदुका बनवणारे.

पुढे योगायोग असा की आधी माझी नोकरी इलिनॉयमध्ये होती आणि नंतर आम्ही युटात आलो. म्हणजे या ब्राउनिंग घराण्याच्या गोष्टीची दोन्ही टोकं मला गाडीने जाऊन बघता आली. इलिनॉयमधल्या नावू गावात बापाचं दुकान आहे आणि युटातल्या ऑग्डेनमध्ये मुलाचं संग्रहालय. दोन्ही बघून झाल्यावर बरंच वाचलं, आणि आता ते डोक्यातून जात नाही म्हणून इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बंदूक या विषयाबद्दल मला अजिबात प्रेम नाही. आपली मुलं शाळेत लॉकडाऊन ड्रिल करून घरी येतात आणि बाकाखाली कसं लपायचं ते आपल्याला दाखवतात. ऑग्डेनला लेकीला न्यावं की नको यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली होती. तेव्हा हा लेख बंदुकांच्या कौतुकाचा नाही. मला ओढ लागली ती त्या दुकानाची, आणि बाप-लेक-भाऊ यांच्या हिशोबाची.

तर सुरुवात बापापासून.

जोनाथन ब्राउनिंगचा जन्म १८०५ सालचा, टेनेसीतल्या सम्नर काउंटीतला. शेतकऱ्याचा मुलगा. घराण्यात सांगतात ती गोष्ट अशी: पोरवयात त्याने शेजाऱ्याकडे काम केलं आणि मजुरी म्हणून त्याची मोडकी चकमकीची बंदूक घेतली. ती दुरुस्त केली आणि त्याच शेजाऱ्याला चार डॉलरला परत विकली! तिथून नाद लागला. एकोणिसाव्या वर्षी नॅशव्हिलला एका कारागिराकडे काही महिने राहून तो बंदुकीची नळी करायला शिकला.

नळी करणं म्हणजे काय हे मला नावूला बघेपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं लोखंडाचा दांडा घ्यायचा आणि त्याला भोक पाडायचं. तसं नाही. लोखंडाची लांब चपटी पट्टी भट्टीत लाल करायची, एका सळईभोवती गुंडाळत न्यायची आणि इंच-इंच करून ऐरणीवर ठोकून तिच्या कडा एकमेकींत वितळवून जोडायच्या. सळई आत चिकटायच्या आधी काढून घ्यायची. मग आतून ती साफ करायची, सरळ करायची, आणि शेवटी हाताने ओढायच्या एका लांबलचक लाकडी यंत्रावर आत पिळाच्या खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी गरगरत सरळ जाते. एका नळीला किती दिवस जात असतील विचार करा. आणि हे सगळं अशा ठिकाणी, जिथे सगळ्यात जवळचा कारखाना शेकडो मैलांवर. त्यामुळे सरहद्दीवरचा बंदूकवाला हा नुसता बंदूकवाला नसायचाच. बैलगाडीची धाव, नांगराचा फाळ, दाराची बिजागरी, जे मोडेल ते त्याच्याकडे यायचं. गिऱ्हाईक पैसे कमी आणि मका, डुकराचं मांस, गाय असलं काही जास्त द्यायचं. आपल्या बलुतेदारीतला लोहारच म्हणा ना.

१८३४ साली जोनाथन बायकामुलांसह इलिनॉयमधल्या क्विन्सीला आला. तिथे त्याने केलेली बंदूक बघण्यासारखी आहे. तो काळ ठासणीच्या बंदुकांचा. एक बार उडाला की दारू ओता, गोळी ठासा, मग दुसरा. जोनाथनने काय केलं, लोखंडाची एक आडवी पट्टी घेतली, तिच्यात ओळीने पाच घरं केली, प्रत्येकात दारू-गोळी आधीच भरून ठेवायची आणि पट्टी बंदुकीत आडवी सरकवत न्यायची. बाजा वाजवताना तोंडासमोरून सरकवतात तशी, म्हणून इंग्रजीत तिला बाजाची बंदूक म्हणतात. पट्टी आणि नळी यांच्यात फट राहिली तर ज्वाला बाहेर येऊन बोटं भाजणार. त्यासाठी त्याने एक खटका केला, तो दाबला की पट्टी नळीवर घट्ट बसते. साधी, सुटसुटीत कल्पना. भाता, ऐरण आणि कानस एवढ्यावर केलेली.

त्याने पेटंट घेतलं नाही. दुकानात एकेक करून विकत राहिला.

१८४० च्या सुमाराला जोनाथन मॉर्मन पंथात गेला आणि पुढे दुकान हलवून नावूला आला. मिसिसिपीच्या काठावर मॉर्मन लोकांनी वसवलेलं हे गाव. आजूबाजूच्या लोकांशी त्यांचं जमेना, १८४४ साली त्यांचा प्रमुख जोसेफ स्मिथ याला जमावाने कार्थेजच्या तुरुंगात घुसून गोळ्या घातल्या, आणि १८४६ मध्ये अख्खं गाव गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघालं. जोनाथनचं विटांचं घर आणि दुकान तिथेच राहिलं. आज ते पुन्हा उभं केलेलं आहे आणि स्वयंसेवक म्हातारे आजोबा तुम्हाला भट्टी, नळ्या, खाचा पाडायचं यंत्र सगळं समजावून सांगतात.

जोनाथनला लगेच पुढे जायचं होतं, पण पंथाचा नवा प्रमुख ब्रिगहम यंग याने त्याला आयोवात, मिसूरी नदीच्या काठी, थांबवून ठेवलं. कारण उघड होतं. हजारो कुटुंबं रान तुडवत जाणार, त्यांना बंदुका हव्यात आणि दुरुस्त्या हव्यात. १८४९ साली तिथल्या छोट्या वर्तमानपत्रात त्याने दिलेली जाहिरात आहे, त्यात पाचपासून पंचवीस बारांपर्यंतच्या सरकत्या बंदुका मिळतील असं म्हटलंय. शेवटी १८५२ मध्ये तो युटात पोचला आणि ऑग्डेनला स्थिरावला. वय सत्तेचाळीस. पुढे बायका तीन, मुलं एकूण बावीस. (बावीस! आपल्याला दोघांचं डेकेअर परवडत नाही.)

इथे गंमत अशी की ऑग्डेनमध्ये या माणसाने नवीन बंदूक जवळजवळ केलीच नाही. दुरुस्त्या केल्या, कातडी कमावण्याचा उद्योग केला. एवढा कल्पक माणूस पोटापाण्याच्या रगाड्यात गेला. माझ्या मते तो खचला वगैरे नव्हता. बावीस तोंडं, नवं गाव, आणि लोखंड हजार मैलांवरून बैलगाडीने यायचं. नवीन काही करायला त्यातून उरणार काय?

पण दुकान होतं. आणि दुकानाच्या कोपऱ्यात मोडक्या बंदुकांचा ढीग होता.

१८५५ मध्ये जन्मलेला जॉन मोझेस या ढिगाऱ्यात खेळत मोठा झाला. दहा वर्षांचा असताना बाप बाहेर गेलेला बघून त्याने भंगारातली एक नळी उचलली, लाकडाच्या फळकुटाला तारेने बांधली, आणि जळत्या काडीने बार उडवायची अशी एक बंदूक एका दिवसात केली. आपली तोड्याची बंदूक असते तशातली. धाकट्या भावाला, मॅटला, घेऊन रानात गेला आणि रानकोंबड्या मारून आणल्या. सकाळी न्याहारीला त्या शिजवून बापापुढे ठेवल्यावर मग कबुली दिली. बापाने ती बंदूक हातात घेऊन निरखली आणि रागावला नाही. एवढंच विचारलं म्हणे, की दहा वर्षांचा झालास, याहून बरी करता आली नाही का? हे वाचताना मला आमचे दहावीचे मार्क बघणारे तीर्थरूप आठवले. असो.

१८६९ मध्ये रेल्वे आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारे रूळ ऑग्डेनजवळच्या प्रॉमंटरीला एकमेकांना मिळाले आणि ऑग्डेन जंक्शन झालं. जॉन तेव्हा चौदा वर्षांचा. मला वाटतं बाप आणि मुलगा यांच्या नशिबातला सगळ्यात मोठा फरक हाच. अक्कल दोघांनाही होती. पण मुलाच्या वेळी दारात आगगाडी होती, पोलाद येत होतं, मासिकं येत होती, आणि केलेला माल न्यू यॉर्कपर्यंत जाऊ शकत होता.

१८७८ मध्ये एका गिऱ्हाइकाची किचकट बंदूक दुरुस्त करताना जॉन वैतागून म्हणाला की यापेक्षा चांगली मी करेन. म्हातारा जोनाथन म्हणाला, मला ठाऊक आहे तू करशील, कर, माझ्या डोळ्यांदेखत कर. आणि त्याने केली. मिसूरीकडून बैलगाडीतून आणलेला, पायाने चालवायचा बापाचा लेथ, बापाची भट्टी, बापाच्या कानशी. मागून काडतूस भरायची, एका बाराची रायफल. जॉनने कागदावर आराखडे जवळजवळ काढलेच नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. डोक्यात चालवून बघायचं, पत्र्याचे नमुने कापायचे आणि थेट धातूत करायचं. मे १८७९ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. जूनमध्ये बाप वारला. पेटंट मिळालं ऑक्टोबरमध्ये, नंबर २२०२७१.

अर्ज गेलेला बापाने पाहिला, पेटंट नाही. ऑग्डेनच्या संग्रहालयात या तारखा मी एकाखाली एक वाचल्या आणि जरा वेळ तिथेच उभा राहिलो. माझ्या आजोबांचं सांगलीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मी इंजिनियर झालो तोवर ते विकलं गेलं होतं. त्यातलं माझ्याकडे आहे ते फक्त एक व्हर्निअर, आणि ते मी इथे ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलंय. तेवढंच.

बाप गेल्यावर भावांनी मिळून छोटा कारखाना काढला. सख्खा मॅट, आणि सावत्र भाऊ एड, सॅम, जॉर्ज. यंत्रं जुनीपानी, ती बसवून द्यायला फ्रँक रश्टन नावाचा एक फिरस्ता इंग्रज कारागीर सापडला. सगळे मिळून त्यांनी त्या रायफलीचे सहाशेच्या आसपास नग काढले. तेच तेच भाग पुन्हा पुन्हा करायचा जॉनला अतोनात कंटाळा यायचा. (आपल्यातल्या मेंटेनन्स प्रोजेक्टवर अडकलेल्यांना कळेल.) त्यातली एक वापरलेली रायफल विंचेस्टर कंपनीच्या माणसाच्या हाती लागली आणि १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः आगगाडीने कनेक्टिकटहून ऑग्डेनला आले. बघतात तर काय, सरहद्दीवरचं दुकान आणि पंचविशीतली पोरं. आठ हजार डॉलरला सगळे हक्क विकत घेतले. जॉनने सहज सांगितलं की माझ्याकडे अजून एक आहे, अनेक बारांची. ती पुढे विंचेस्टर मॉडेल १८८६ झाली.

मग एकोणीस वर्षं हाच क्रम. जॉन करायचा, विंचेस्टर घ्यायची. दरवेळी एकरकमी पैसे, रॉयल्टी नाही. चाळीसहून जास्त बंदुका त्यांनी अशा घेतल्या आणि बाजारात आणल्या जेमतेम दहा. बाकीच्या का घेतल्या? तर दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून. आमच्या धंद्यात याला वेगळी छान नावं आहेत, पण काम तेच. माझ्या नावावरही एक पेटंट आहे, म्हणजे नाव माझं आणि मालकी कंपनीची. मला एक लाकडी पाटी मिळाली. त्यामुळे या भागात माझी सहानुभूती कुणाकडे आहे ते सांगायला नको.

दरम्यान एक निरीक्षण. १८८९ च्या सुमाराला एका नेमबाजीच्या वेळी जॉनने पाहिलं की बार उडाला की नळीच्या तोंडाशी असलेलं गवत झोपतं. गवत झोपवणारी ही ताकद फुकट जातेय! तोच वायू वापरून पुढचं काडतूस आपोआप भरता आलं तर? गवत सगळ्यांनीच झोपताना पाहिलं असेल. त्यातून त्याची मशिनगन आली, ती कोल्ट कंपनीने घेतली.

१९०० च्या आसपास त्याने आपोआप भरणारी शॉटगन केली आणि या वेळी ठरवलं की एकरकमी विकायची नाही, प्रत्येक नगामागे रॉयल्टी हवी. बेनेटनी नकार दिला. एकोणीस वर्षांचा घरोबा तिथे संपला. जानेवारी १९०२ मध्ये जॉन रेमिंग्टन कंपनीत गेला. बाहेर बसून वाट बघत असतानाच निरोप आला की अध्यक्ष मार्सेलस हार्टली आत्ताच हृदयविकाराने गेले. योगायोगाच्या कथेत कुणी असं लिहिलं तर आपण लेखकाला हसू. जॉनने मग बंदूक घेतली आणि बोटीने थेट बेल्जियम गाठलं. लिएजजवळच्या हर्स्टाल गावातली एफएन कंपनी त्याची पिस्तुलं आधीपासून करत होतीच. त्यांनी शॉटगनही घेतली, रॉयल्टीसकट. ती जवळजवळ शंभर वर्षं बनत राहिली.

बेल्जियममध्ये त्याचं इतकं चाललं की फ्रेंच भाषेत 'ब्राउनिंग' म्हणजे पिस्तूल असा सामान्य शब्दच झाला.

आणि इथे मला थांबावं लागतं. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्ह्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या पत्नीला मारलं ते याच कारखान्यातल्या, याच माणसाच्या १९१० सालच्या पिस्तुलाने. ते आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. महिनाभरात महायुद्ध पेटलं आणि हर्स्टालचा कारखाना जर्मनांच्या हातात गेला. तीन वर्षांनी अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे धड मशिनगन नव्हती, आणि ती करून दिली पुन्हा जॉननेच. मे १९१७ च्या चाचणीत त्या मशिनगनने चाळीस हजार गोळ्या झाडल्या. दुसरी एक तर सलग ४८ मिनिटं चालवून दाखवली. सरकारने मशिनगन, स्वयंचलित रायफल आणि एम १९११ पिस्तूल या तिन्हींच्या हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगावर रॉयल्टी घेतली असती तर याच्या कितीतरी पट झाली असती. ज्याने रॉयल्टीसाठी विंचेस्टर सोडली त्याच माणसाने इथे घासाघीस न करता हो म्हटलं. त्याचा मुलगा व्हॅल त्या बंदुका घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेला. माझ्या मते ही गोष्ट त्या माणसाबद्दल १२८ पेटंटांपेक्षा जास्त सांगते.

त्याला या सगळ्याचं कधी ओझं वाटलं का, याचं उत्तर मला कुठल्या पाटीवर दिसलं नाही. त्याच सुमाराला आखलेली पॉइंट ५० ची मशिनगन आजही जगभरच्या सैन्यांत चालू आहे.

लेकीला शेवटी नेलं होतं. तेव्हा ती दुसरीत होती. तिला बंदुकांत रस नव्हता, तिने सगळा वेळ कामाच्या टेबलावरच्या कानशी मोजल्या. निघताना तिने विचारलं, यांनी दुसरं काही का नाही बनवलं? मी म्हटलं, त्यांच्या बाबांचं दुकान बंदुकांचं होतं. पटलं नाही तिला. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मॅट १९२३ मध्ये गेला. धंद्याची बाजू तो बघायचा, ऑग्डेनचा महापौरही झाला होता. जॉन २६ नोव्हेंबर १९२६ ला हर्स्टालच्या कारखान्यातच, व्हॅलच्या ऑफिसात, हृदयविकाराने गेला. अर्धवट राहिलेलं एक पिस्तूल तिथल्या द्यूदोने सेव्ह या कारागिराने १९३५ मध्ये पूर्णत्वाला नेलं. ते हाय पॉवर. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडात बनलं, आणि त्या कॅनडाच्या नमुन्यावरून आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागलं. भारतीय सैन्यात अधिकाऱ्यांच्या कमरेला वर्षानुवर्षं दिसलेलं ९ एमएम १ए म्हणतात ते हेच. माझा मामा फौजेत होता, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "आम्ही ते उघडून पुसायचो रे, पण ब्राउनिंग कोण ते कधी विचारलं नाही."

घराण्याने १९२७ मध्ये स्वतःची ब्राउनिंग आर्म्स कंपनी काढली, ती १९७७ मध्ये बेल्जियमच्या एफएनने विकत घेतली, आणि एफएनची मालकी आज वालोनियाच्या प्रादेशिक सरकारकडे आहे. म्हणजे टेक्सासमधल्या एखाद्या पिकअपवरच्या हरणामागे शेवटी बेल्जियमचं सरकारी खातं. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आज विंचेस्टर नावाने ज्या रायफली मिळतात त्या याच ब्राउनिंग गटाकडून येतात, आणि जॉनने आठ हजारांना विकलेल्या त्या पहिल्या रायफलीच्या नव्या आवृत्त्या जपानमधल्या मिरोकू कंपनीने बनवल्या आहेत. बेनेटसाहेबांनी हे बघायला हवं होतं.

कुणाला जायचं असेल तर: नावू शिकागोहून चारपाच तास, ब्राउनिंगचं दुकान बघायला पैसे पडत नाहीत. ऑग्डेनचं संग्रहालय रेल्वेच्या जुन्या युनियन स्टेशनात, सॉल्ट लेकहून लोकल गाडीनेही जाता येतं, मात्र उघडं आहे का ते निघण्याआधी बघून घ्या. मुलांना न्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्यासारखे दोन दिवस चर्चा करणार असाल तर आधीच सुरू करा.

चू. भू. द्या. घ्या.